आत माणूस आहे

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पाइनच्या लाकडाचा, अंगाने जाड आणि स्वभावाने थोडा कुरकुरा. माझ्या खालच्या कडेला कुत्र्याच्या नखांचे ओरखडे आहेत आणि वरच्या बिजागरीपाशी हातोडीचा एक खोल घाव आहे. ओरखड्यांचं मला काही वाटत नाही. गोष्ट सांगायची आहे ती त्या घावाची. ती मुलांना सांगावी का, असं कुणी विचारेल. मला वाटतं, मुलांनी ती ऐकावी आणि मग घरी जाऊन आईबाबांनाही ऐकवावी.

मला ऑर्व्हलने घडवलं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बटाट्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा गावात त्याचं घर होतं. मुलगी रिने मोठी होऊ लागली, तेव्हा त्याने तिच्यासाठी मागच्या अंगाला एक खोली काढली आणि हिवाळाभर शेडमध्ये बसून मला रंधा मारून मारून गुळगुळीत केलं. पाडायला काढलेल्या शाळेतून त्याने एक पितळी मूठ मागून आणली. मी चौकटीत बसलो त्याच दिवशी रिनेचा धाकटा भाऊ मेरिल धाडकन मला ढकलून आत घुसला. ऑर्व्हलने त्याची कॉलर धरून त्याला पुन्हा बाहेर आणलं.

"दार लावलेलं दिसतंय ना? मग आधी वाजव. आत माणूस आहे."

"माणूस कुठला, रिनेच तर आहे," मेरिल म्हणाला.

"तीच. वाजव."

मेरिलने तोंड वाकडं करून वाजवलं. तेव्हापासून ऑर्व्हल असेपर्यंत त्या घरात मला न वाजवता कुणी आत आलं नाही. दरवाज्याला याहून मोठा मान नसतो.

वर्षं गेली. रिनेचं लग्न झालं. ऑर्व्हल गेल्यावर ती नवऱ्याला, लाइलला, घेऊन याच घरात राहायला आली आणि माझी खोली त्यांच्या मुलाला, कॉर्बिनला मिळाली. लाइल शेतातले पाण्याचे पाइप दुरुस्त करतो. हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. येताजाता माझ्यावर थाप मारून तो म्हणायचा, "सासऱ्याने काम चोख केलंय हो." कॉर्बिन, त्याची लहान बहीण टिल्डा आणि वॅफल नावाचा त्यांचा कुत्रा दिवसभर माझ्यातून आतबाहेर करायचे. ते माझे चांगले दिवस होते.

कॉर्बिन पंधरा वर्षांचा झाला त्या शरद ऋतूत बटाटाकाढणीसाठी शाळेला सुट्टी लागली. आमच्याकडे ती दरवर्षी लागते आणि मुलं शेतावर कामाला जातात. कॉर्बिन मोठ्या मुलांबरोबर ट्रकवर होता. जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये बसून त्यांनी त्याला फोनवर काहीतरी दाखवलं. तो हसला, कारण सगळे हसत होते. हे मला कसं कळलं? घरी आल्यावर तो मला पाठ टेकून बसायचा आणि वॅफलला सगळं सांगायचा.

मित्रांनो, त्या चित्रफितींत काय असतं ते मी सांगणार नाही. मोठी माणसं त्या पैशासाठी बनवतात, त्यात माया नसते, आणि कोवळ्या वयात त्या पाहिल्या की मन गढूळ होतं आणि पुन्हा तिकडेच ओढ घेतं, एवढंच सांगतो. कॉर्बिनचं तसंच झालं. तो मला अधिकाधिक वेळ लावून घेऊ लागला. रिने वाजवून विचारायची, "काय चाललंय रे?" आणि आतून उत्तर यायचं, "गृहपाठ." गृहपाठाच्या वह्या दप्तरात तशाच पडलेल्या असायच्या.

एका रविवारी चर्चहून आल्यावर रिनेने पाककृती बघायला घरातला टॅब उघडला आणि नको ते तिच्यासमोर आलं. तिने कॉर्बिनला हाक मारली. स्वयंपाकघरातलं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"हे तू बघत होतास?"

"मी नाही. असलं आपोआप येतं."

"आपोआप कसं येईल, कॉर्बिन?"

"मग टिल्डाने काहीतरी दाबलं असेल."

टिल्डा आठ वर्षांची आहे. कॉर्बिन धावत आला, मला लावून घेतलं आणि वॅफलच्या मानेत तोंड खुपसून म्हणाला, "मी टिल्डाचं नाव घेतलं रे. घाण आहे मी." तो रडत होता. त्याला त्या चित्रांपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली होती.

थोड्या वेळाने माझ्यावर हलकेच टकटक झाली.

"मी आहे," रिने म्हणाली. "मी ओरडणार नाही. वाट बघते. हवं तेव्हा उघड."

तो उठला. त्याचा तळवा माझ्या मुठीवर आला. घामाने ओला होता. मूठ थोडी फिरलीही. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, तो उघडणार होता.

तेवढ्यात लाइल हातोडी आणि पेचकस घेऊन आला. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात गावातले बाप एकत्र न्याहारी करतात. तिथे कुणीतरी छाती पुढे काढून सांगितलं होतं की, मी तर पोराच्या खोलीचं दारच काढून टाकलं, आठवड्यात सुतासारखा सरळ आला. आमच्या भागात ही शिक्षा पुष्कळ घरांत करतात. लाइलला तेच आठवलं.

"बाजूला हो, रिने."

"लाइल, थांब जरा. तो उघडतोय."

"आता उघडायची गरजच पडणार नाही."

त्याने बाहेरून मूठ पिळली आणि खांद्याने मला ढकललं. आतला हात सुटला. कॉर्बिन मागे भिंतीवर आपटला. लाइल बिजागरीच्या पिना ठोकून काढू लागला. एक घाव चुकून माझ्या अंगावर बसला.

"बाबा, मी सांगणारच होतो," कॉर्बिन म्हणाला.

"तुझ्या बोलण्यावर आता कोण विश्वास ठेवणार?"

त्या दिवसभरात माणसांशी बोललेलं ते त्याचं एकमेव खरं वाक्य होतं. नेमकं तेच कुणी खरं मानलं नाही.

माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली, एल्क हरणाचं मांस ठेवायच्या फ्रीझरशेजारी. मी भिंतीला तिरका टेकून उभा राहिलो. मुलांच्या कानावर जाऊ नये म्हणून लाइल आणि रिने तिथे येऊन भांडायचे.

"पोराला उघड्यावर ठेवून काय मिळवलंस?" रिने विचारायची.

"मला दुसरं काही सुचलं नाही गं," लाइल एकदा खाली बघत म्हणाला. "काय बोलू मी त्याच्याशी? माझ्या बापाने जन्मात कधी या विषयावर तोंड उघडलं नाही."

मला त्याचा राग होता. त्या दिवशी तो थोडा उतरला. लाइल दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात हातोडी असली की नुकसान तेवढंच होतं.

बाकीचं मला त्यांच्या त्या भांडणांतून कळत गेलं. चौकटीत कॉर्बिनने चादर बांधली, ती लाइलने ओढून काढली. गोधड्या शिवायला आलेल्या चर्चच्या बायकांनी बिनदाराची खोली बघितली. काय समजायचं ते त्या समजल्या आणि घरोघरी पोचवून मोकळ्या झाल्या. शाळेत पोरं विचारू लागली, "काय रे बिनदाऱ्या, काल काय बघितलंस?" ट्रकमध्ये त्याला फोन दाखवणारी पोरंच त्यात पुढे होती. कॉर्बिन घरी यायचा, जेवायचा, विचारलेल्याला हो किंवा नाही म्हणायचा. वॅफलशी बोलणंही त्याने सोडलं.

आणि मग एका दुपारी तो माझ्या मागे येऊन बसला. भिंत आणि मी यांच्यामध्ये एका मुलाला मावेल एवढी फट होती. त्याच्या हातात कुणाचा तरी जुना फोन होता. ज्या आडोशासाठी मला उखडलं, तोच आडोसा मी पुन्हा देत होतो. लाकडाला सरकता येत नाही, नाहीतर मी सरकलो असतो.

टिल्डाला ते दिसलं. तो तिला म्हणाला, "आईने विचारलं तर वॅफलला खायला घालतोय म्हणून सांग. एवढं केलंस तर माझी सायकल तुला."

गॅरेजच्या उघड्या दारातून मला दिसलं, आईने विचारलंच. "दादा कुठे गं?"

"वॅफलला खायला घालतोय," टिल्डा म्हणाली. आवाजात जराही अडखळ नव्हती.

वॅफल रिनेच्या पायाशी घोरत पडला होता.

रिने गॅरेजमध्ये आली. तिने मला बाजूला केलं, मुलाकडे बघितलं आणि एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"फोन कुणाचा?"

"सापडला."

"कॉर्बिन."

"सापडला म्हणतोय ना."

"बरं. मला एकच सांग. त्या रविवारी तू दार उघडत होतास. मूठ फिरताना मी बघितली होती."

त्याने हातातला फोन पालथा केला.

"नव्हतो," तो म्हणाला. "आणि मला मेरिलमामाकडे जायचंय. तिथे खोलीला दार आहे."

रिने त्याला नाही म्हणू शकली नाही. त्याने आधी बहिणीवर खोटा आळ घातला होता, मग तिला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि आता स्वतःचं चांगलं वागणंही तो नाकारत होता. कॉर्बिन शेजारच्या मॉन्टॅना राज्यात मामाकडे गेला.

तो गेल्यावर लाइलने एकट्याने मला उचलून परत चौकटीत बसवलं. घावात पुट्टी भरली, पण ती रंगाला जुळली नाही. पिना वाकल्या होत्या, त्यामुळे मी आता जमिनीला घासतो. रिने केर काढायला येते तेव्हा आजही आधी वाजवते, खोली रिकामी असली तरी. रविवारी कॉर्बिनचा फोन येतो. "सगळं ठीक आहे," तो म्हणतो. ते खरं की खोटं, हे आता त्याच्या आईला ओळखता येत नाही. फोन ठेवून ती तशीच बसून राहते.

शेजारच्या शहरात एक समुपदेशक बाई आहेत. नवराबायको त्यांच्याकडे जाऊ लागले. तिथून आलं की लाइल माझ्यासमोर उभा राहून वाक्यं घोकतो. "कॉर्बिन, मला तुझ्याशी..." मग डोकं खाजवतो. "नाही. असं नको." आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढा मोठा माणूस बंद दाराशी बोलायला शिकताना बघून मला भरून येतं.

आज थँक्सगिव्हिंगच्या सणाला कॉर्बिन घरी आला. टर्कीचे दोन घास खाऊन तो खोलीत गेला आणि मला लावून घेतलं. मग बाहेर जड पावलं वाजली आणि लाइलच्या फावड्यासारख्या हाताने माझ्यावर टकटक केली. त्या हाताने पहिल्यांदाच.

"कोण?"

"मी. बाबा. उघड असं म्हणत नाही मी. तू नुसतं ऐक. त्या दिवशी तू खरं बोलला होतास, आणि मी ऐकलं नाही. जे बघतोस त्याच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. रागवायला नाही. मलाही नीट बोलता येत नाही, पण बोलू."

टिल्डाने भोपळ्याचं गोड खायला हाक मारली. "तुम्ही सुरू करा," लाइल म्हणाला आणि मला टेकून जमिनीवर बसला.

मित्रांनो, मला फक्त एवढंच मागायचं आहे. लाज वाटेल असं काही हातून घडलं, तर मूठ फिरवायला उशीर करू नका, कारण खोटं बोलायची सवय त्या चित्रांपेक्षाही जास्त दिवस टिकते. आणि तुमच्या आईबाबांना सांगा, मूठ फिरत असेल तर बाहेर थांबा. दार काढायला काही वेळ लागत नाही. पुन्हा बसवलेलं दार मात्र घासत राहतं.

आत पावलं वाजली आहेत. कॉर्बिनचा तळवा माझ्या मुठीवर आला आहे, तसाच ओला. मूठ अजून फिरलेली नाही. बाहेर लाइल बसून आहे.