बोराएवढं डोकं

“बिब्या, उद्यापासनं दुपारच्याला जरा माझ्याम्होरं बसत जा. तुझं थोबाड पायजे,” असं हनुमंत मिस्त्री म्हणाला, आणि बिभीषणच्या हातातला ऊस चरकात अर्ध्यावरच थांबला. घुंगरंही गप झाली.

“थोबाड? कशाला?”

“जहाजाला.”

एवढं बोलून मिस्त्रीनं रसाचा ग्लास पालथा घातला आणि रसवंतीच्या मागच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये निघून गेला. गिऱ्हाईक “मालक, बर्फ कमी,” म्हणून ओरडत होतं. पण मालकाचं डोकं तिथं नव्हतंच.

आता थोबाड मागितलं तर त्यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण ज्याला असं वाटेल त्याला देवळाली प्रवरेतला बिभीषण माहीत नाही. पन्नाशी उलटली तरी ह्या माणसाच्या अंगातलं पोरपण गेलं नव्हतं. कुणाच्या मोटरसायकलीचं सीट उलटं बसव, कुणाच्या नावानं लग्नाच्या हॉलवर जेवणाची ऑर्डर दे, असले उद्योग. आणि गेल्या साली त्यानं ह्याच हनुमंताला गाठलं होतं.

हनुमंत शुगर फॅक्टरीच्या वर्कशॉपला लाकडी साचे करायचा. नोकरी संपली, हात काही गप बसेनात. रिटायर मास्तर रविकांत सरांनी त्याला जुन्या शिडाच्या जहाजांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, “मिस्त्री, असं एक आपल्या वाचनालयात ठेवायला झालं तर?” झालं! ज्या गावात कालव्या-धरणाच्या पलीकडं पाणी कुणी बघितलं नाही, तिथं हातभर लांबीचं जहाज उभं राहायला लागलं. बिभीषण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “हनुमंताला जहाज कशाला लागतंय? उडी मार की लेका, मागल्या टायमाला मारलीच हुतीस.” त्यात बिभीषणच्या बायकोचं नाव लंकाबाई. त्यामुळं दोघांच्या घरांत आगकाडीवरूनसुद्धा विनोद व्हायचे.

तर गेल्या साली बिभीषणनं अगदी गंभीर तोंड करून त्याला सांगितलं की पाण्यात चालणारी कुठलीही वस्तू करायची तर धरणाच्या हापिसातून परवाना लागतो, लहान असली तरी. हनुमंत बिचारा धुतलेल्या चादरीत जहाज गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षानं मुळा धरणावर गेला. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, जहाजाचं कौतुक केलं आणि हसू दाबत परत धाडलं. गावात महिनाभर लोक त्याला “कप्तान, परवाना हाय का?” विचारत होते.

हनुमंत तेव्हा चिडला नाही. हसला. “बरी जिरवलीस,” म्हणाला आणि पुन्हा लाकूड तासायला बसला. त्यानंतर आजपर्यंत त्यानं उलटा डाव टाकला नव्हता. बिभीषणला खरी धास्ती होती ती ह्याचीच. शिव्या देणारा माणूस परवडला. हसून गप बसणारा माणूस म्हणजे राखेतला निखारा.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये जाऊन बसला खरा, पण दाराकडं तोंड करून.

“हिकडं बघ,” हनुमंत म्हणाला. त्याच्या एका डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग होतं आणि समोर शिकंज्यात हळदूच्या लाकडाचा एक बोराएवढा तुकडा. हळदू म्हणजे ते पिवळसर लाकूड, ज्याच्या पूर्वी बायकांच्या फण्या व्हायच्या. रेघ ओढावी तसं कापलं जातं, चिरत नाही. हत्यारं त्यानं स्वतःच केली होती. मोडक्या छत्रीच्या काड्या घासून पटाश्या, शिलाईच्या सुया लाकडी मुठीत ठोकून कोरण्या. जहाजाचा सांगाडा कधीच उभा होता. आता दागिने चालले होते. दागिनेच म्हणायचा तो. शेंगदाण्याएवढे सिंह, तांदळाएवढ्या पानांच्या माळा, खिडक्यांच्या वर नक्षी. एका ताटलीत ते सगळे सुकायला पसरले होते, जणू कुणी मुंग्यांच्या लग्नाचा रुखवत मांडलाय.

“मला कुठं बसवणार?” बिभीषणनं विचारलं.

“मोक्याच्या जागी.”

“मंजी कुठं?”

“हनवटी वर. बोलू नगं, मिशी हालती.”

मिशी हलू नये म्हणून बिभीषण गप बसला, पण डोळे शेडभर फिरत होते. आणि त्याला त्या दिसल्या. ताटलीच्या कडेला, नखाएवढ्या दोन फळ्या. दोन्हींच्या मधोमध गोल, गुळगुळीत घासलेलं भोक.

“ह्या कशाच्या रं?”

हनुमंतानं फुंकर मारून भुसा उडवला. “त्या व्हय? त्या बी पुढंच बसनार. तुझ्या खाली.” आणि भिंगाच्या मागं त्याचा गाल जरासा हलला.

बस्स. त्या गालानं बिभीषणची झोप उडवली.

सकाळी चरकाला तेल घालताना त्यानं मोबाईल काढला आणि जुन्या जहाजांचे व्हिडिओ लावले. तोफा दाखवल्या, शिडं दाखवली. मग एका दाढीवाल्यानं हिंदीत सांगितलं की जहाजाच्या पुढच्या टोकाला लाकडात कोरलेला पुतळा असायचा. राजा, सिंह, नाहीतर बाई. आणि त्याच टोकाला, पुतळ्याच्या अगदी मागच्या बाजूला खाली, खलाशी परसाकडं जायचे. भोकाच्या फळीवर बसायचं, खाली समुद्र.

बिभीषणनं व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा बघितला. फळी. भोक. तीच.

“असं हाय व्हय,” तो चरकाला म्हणाला. “वाचनालयात, काचेच्या पेटीत, पिढ्यान्‌पिढ्या. संडासावर माझं थोबाड.”

त्याला पोरांच्या रांगा दिसायला लागल्या. नातवंडं दिसली. ‘कप्तान, परवाना’ महिन्यात विसरलं गाव, पण लाकडावर कोरलेलं कसं विसरणार?

बसायला जाणं मोडलं तर ‘बिब्याला संशय आला’ म्हणून हनुमंत हसणार. म्हणून तो रोज गेला, हनवटी वर करून बसला आणि मनात हिशेब मांडत राहिला. आठवड्याच्या शेवटी हनुमंत इस्त्रीचा शर्ट घालून रसवंतीवर आला. “राहुरीला लगीन हाय साडूच्या पोराचं. ही शेडची किल्ली ठेव. लक्ष ठेव जरा.”

किल्ली! चोराच्या हातात किल्ली! बिभीषणला पहिल्यांदा आनंद झाला आणि लगेच आनंदाचीच शंका आली. ह्यानं किल्ली मलाच का दिली? पण दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं, हात शिवशिवले, आणि तो आत शिरला.

बामच्या जुन्या डबीत, कापसावर, त्याचं डोकं ठेवलं होतं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि खरं सांगायचं तर घटकाभर सगळं विसरला. कानाजवळचा तीळ होता. डाव्या भिवईतली लहानपणी गोफणीचा दगड लागून पडलेली खाच होती. मिशीचा केस न् केस होता. आपल्याकडं एवढं टक लावून आजवर कुणी बघितलं होतं? आईनं बघितलं असेल. त्यानंतर हाच.

मग त्याची नजर शेजारच्या फळ्यांवर गेली. डबी मिटली, डोकं खिशात.

हनुमंत संध्याकाळी आला. डबी उघडली, बघितली, मिटली. बिभीषण दारात उभा राहून उगाच दात कोरत होता.

“उंदीर लई झाल्यात,” हनुमंत म्हणाला. आणि शीळ घालायला लागला.

शीळ! आरडाओरडा नाही, चौकशी नाही, शीळ!

दोन दिवसांनी लंकाबाईनं धुण्याचा शर्ट झटकला आणि डोकं टुणकन मोरीत पडलं. तिनं ते उचलून उजेडाला धरलं.

“अहो, हे तर तुमीच की! हे खिशात घिऊन कुठं हिंडताय? कुनाला द्यायचंय?”

“कुनाला न्हाई. हळू बोल.”

“हळू कशापायी? कोन हाय ती?”

शेवटी त्याला सगळं सांगावं लागलं. लंकाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली. “माणसं कोंबड्या चोरत्यात, मोटारी चोरत्यात. सोताचंच मुंडकं चोरणारा तुमीच पयला.”

“पर आता जहाज बिनमुंडक्याचं ऱ्हाईल, का न्हाई?”

“आन भाऊजी गप हायेत?”

“शीळ घालतोय.”

“मग तुमी मेलात,” असं म्हणून ती बादली उचलून गेली.

वाचनालयातल्या कार्यक्रमाला बिभीषण मुद्दाम मागं उभा राहिला. खिशात हात, हाताच्या मुठीत डोकं. तोंडावर साळसूद भाव. चादर निघेल, पुढचं टोक भुंडं दिसेल, लोक हळहळतील, आपण सगळ्यात मोठ्यानं हळहळायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

रविकांत सरांनी चादर ओढली. शिडं उभी राहिली, सोनेरी पिवळे दागिने चमकले, आणि पुढच्या टोकावर, हनवटी वर करून, मिशीला पीळ देऊन, बिभीषण बसला होता.

खऱ्या बिभीषणनं मूठ उघडून बघितली. मुठीतही तोच होता.

“आरं, ह्यो तर रसवंतीवाला!” कुणीतरी ओरडलं. लोक वाकून बघायला लागले, वळून त्याच्याकडं बघायला लागले. सर म्हणाले, “जहाजावरची ही सर्वांत मानाची जागा. हा पुढं राहून वाटेवर नजर ठेवतो, म्हणून मागचे निर्धास्त झोपतात. मिस्त्रींनी ती आपल्या मित्राला दिलीय.” टाळ्या वाजल्या. बिभीषणच्या छातीत काहीतरी फुगायला लागलं होतं, तेवढ्यात छबूबाई, जी भाजी विकून सरळ पाटीसकट आली होती, जहाजाच्या नाकाशी नाक लावून म्हणाली, “आन ह्या खालच्या भोकाच्या फळ्या कशाच्या वं?”

सरांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं बिभीषणकडं बघितलं. निवांत. वर्षभराचा निवांतपणा होता त्या बघण्यात. आणि तो गाल जरासा हलला.

“दिव्याच्या!” बिभीषण गर्दीतून ओरडला आणि कोपरं मारत पुढं आला. “दिवं ठिवायच्या त्या, छबूआक्का. भोकात दिवा बसतो.”

“एवढ्या खाली?”

“मग पान्यातलं खडक दिसाया नगं? वर लावून काय चांदण्या बघायच्यात?”

लोक हसले. छबूबाईला पटलं नाही, पण पाटी सावरत ती मागं सरली. सगळ्यांचे डोळे आता हनुमंताकडं.

“व्हय,” हनुमंत सावकाश म्हणाला. “दिव्याच्याच.”

गर्दी चहाकडं पांगल्यावर बिभीषणनं त्याला कपाटाआड धरलं. “दोन केलीस?”

“पयलं बिघडलं हुतं. तोंड लई साळसूद झालतं, तुझं वाटंना. टाकायचं म्हनून डबीत ठिवलं.”

“टाकायचं? कापसावर? आन किल्ली माझ्याकडं?”

“किल्ली ईश्वासाच्या मानसाकडंच देत्यात,” हनुमंत म्हणाला. चेहरा कसा, धुतलेल्या पाटीसारखा.

“हे बघ, सरळ सांग. मान केलास का माझी फजिती केलीस?”

“म्या काय करू गड्या? जहाजावर त्या दोनी जागा शेजारशेजारीच असत्यात. पुस्तकात बघ.”

“लोकास्नी सांगनार हायेस?”

“मला कुठं येळ हाय! पर उद्यापासनं शाळेची पोरं येनार. पोरं लई चौकस. मोबाईल असतो एकेकाकडं. कुनीतरी हितं बसाया पायजे, दिव्याचं सांगाया.”

तेव्हापासून दुपारच्या वेळी रसवंतीवर लंकाबाई असते. आणि बिभीषण वाचनालयात, जहाजाशेजारी खुर्ची टाकून. कुणी पुढच्या टोकाशी वाकलं की हा खुर्चीतून उडी मारतो आणि शिडांची, तोफांची, वादळांची अशी काही माहिती द्यायला लागतो की पोरं खालचं बघायचं विसरतात. पेटी पुसतो. सिंहांवर धूळ बसू देत नाही. एवढा चोख राखणदार वाचनालयाला पगार देऊनही मिळाला नसता. मुठीतलं ते पहिलं डोकं अजून खिशातच असतं. मधूनमधून तो चाचपून बघतो आणि खरंच साळसूद आहे का, असं आरशाशी ताडून बघतो. अजून ठरलेलं नाही.

परवा हनुमंत दारात येऊन उभा राहिला. एका डोळ्याला भिंग, हातात हळदूचा नवा तुकडा. जरा मोठा होता.

“आता काय?” बिभीषण सावध झाला.

“काय न्हाई. जहाजाची मागली बाजू मोकळी मोकळी वाटती. तिथं बी कायतरी बसवावं म्हन्तो.” हनुमंतानं तुकडा उजेडाला धरला, मग बिभीषणकडं बघितलं. “जरा उठून पाठमोरा हो बघू.”