बबनची सलालातली खोली

रचना पहाटे मस्कतमधल्या हमरियाहून निघाली तेव्हा तिचे डोळे चुरचुरत होते. रुवीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात ती नर्स होती. सलग सहा रात्रपाळ्या करून तिने राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला जोडून चार दिवस रजा मिळवली होती. मधे एकच दिवस झोप झाली, तीही धड नाही. बाबांना बरकाच्या कामगार कॅम्पवरून घ्यायचं, मग निझवाच्या रस्त्याला लागायचं आणि संध्याकाळपर्यंत सलाला गाठायचं, असा बेत होता. हजारावर किलोमीटर.

तिचा बाप, बबन कुणकेरकर, कॅम्पच्या फाटकाशी उभाच होता. इस्त्रीचा शर्ट, हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्याच्या खोलीतले सातजण लुंगीवर, दात घासत, त्याला निरोप द्यायला आले होते. जणू तो सलालाला नाही, कायमचाच निघाला होता. आणि तेही फारसं खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं ओमानमध्ये गवंडीकाम केल्यावर कंपनीने त्याचा व्हिसा पुढे वाढवला नव्हता. दहा दिवसांनी त्याचं विमान होतं. मग सावंतवाडीजवळचं गाव, घर आणि ललिता, त्याची बायको.

"बाबा, बसा पुढे."

"मी मागे बसतंय. तुका मोकळा होयत."

"पुढेच बसा हो."

तो बसला, तो थेट परीक्षेला बसल्यासारखा. पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघू लागला.

रचनाला मस्कतला येऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं बापलेक एकाच देशात होते, तरी दर दुसऱ्या शुक्रवारी रुवीच्या एका हॉटेलात जेवण्यापलीकडे त्यांची ओळख गेली नव्हती. ती लहान असताना तो दोन वर्षांनी एकदा महिनाभर यायचा. तिची त्याच्याशी गट्टी जमेपर्यंत त्याची बॅग भरून व्हायची. गावातल्या इतर मुली बापाशी अरेतुरेत भांडत. ही मात्र त्याला कायम अहोजाहो करत आली, पाहुण्याला करतात तसं. म्हणूनच तिने हा प्रवास ठरवला होता. जाण्याआधी दोघांनी एकदा तरी कुठेतरी जाऊ या. सलाला जुनं शहर, समुद्रकाठचं, आणि बाबाही पहिल्यांदा ओमानात उतरले ते तिथेच. काय काय बघायचं याची तिने मोबाईलमध्ये यादी केली होती.

आदम गाव मागे पडलं आणि रस्ता एकपदरी झाला. दोन्ही बाजूंना फक्त माती. समोरून ट्रक आला की छोटी गाडी हादरायची. दर अर्ध्या तासाने ती काहीतरी विचारायची आणि तो एका शब्दात उत्तर द्यायचा.

"भूक लागली?"

"नाय."

"ए.सी. कमी करू?"

"नको."

हैमाला पेट्रोल भरलं, चहा घेतला. हैमा सोडून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. रचनाला पुढचं काही आठवत नाही. आठवतो तो खडीचा आवाज, आणि स्टिअरिंगवर तिच्या हातांच्या मधे आलेला बबनचा हात. गाडी रस्त्याच्या कडेला उतरून बरीच पुढे घसरत गेली आणि थांबली. क्षणभराने एक टँकर हॉर्न देत शेजारून गेला.

रचनाने इंजिन बंद केलं.

"डोळो लागलो तुझो," बबन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "किती दिवस निजूक नाय तू?"

"झोपले होते की."

"माझ्याशी खोटा बोला नको. मी बत्तीस वर्सां कामावर लोकांचे डोळे बघितलंय. परांचीवरसून कोण पडतलो ता माका सकाळीच कळता."

त्याने तिला मागच्या सीटवर झोपायला लावलं. ती म्हणाली, पाचच मिनिटं. जागी झाली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. खिडकीच्या काचेत त्याने पिशवीतली लुंगी अडकवली होती, तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. स्वतः बाहेर, गाडीच्या वीतभर सावलीत, उकिडवा बसला होता.

"उठवायचं ना, बाबा."

"कित्याक? सलाला खंय पळतला काय?"

थुमरैत गाव मागे पडलं, डोंगर उतरला. पावसाळी धुक्याचे महिने संपून गेले होते, त्यामुळे फोटोत हिरवे दिसणारे ते डोंगर आता तांबूस, सुकलेले होते. सूर्य मावळता मावळता दोघं शहरात पोचली. रचनाने अल हाफ्फा भागात समुद्राजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. खाली मालकिणीचं लोबान आणि अत्तराचं दुकान होतं. मालकीण सफूरा, साठीची, काळा बुरखा, हातावर मेंदी. तिने किल्ल्या पुढे करत मोडक्या हिंदीत नियम सांगायला सुरुवात केली, तर बबनने अरबीत काहीतरी म्हटलं.

सफूरा थबकली. मग तिने भराभर काहीतरी विचारलं. बबनने उत्तर दिलं. लांबलचक, हातवारे करत. सफूरा तोंडावर बुरख्याची कड घेऊन हसू लागली. बबनही हसला, मान मागे टाकून. रचना बॅग हातात धरून बघत राहिली. आपल्या बापाला इतकं बोलता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काय म्हणाली ती?" जिना चढताना तिने विचारलं.

"म्हणता, माझी भाषा तिच्या म्हाताऱ्या मामासारखी. आता असा कोण बोलणत नाय."

फ्लॅटमध्ये तिने त्याला डावीकडची खोली दाखवली. एक पलंग, एक कपाट, पडदा. तो दारातच उभा राहिला.

"ही कोणाची?"

"तुमची. मी पलीकडे आहे."

"आणि कोण येतला?"

"कोणी नाही, बाबा. आपण दोघंच."

त्याने मान हलवली, आत गेला आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला, उघडल्याचा. मग पुन्हा लावल्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रचना तयार होऊन बसली. यादीत पहिलं नाव मिरबात या गावाचं होतं. दहा वाजले. अकराला तिने दार ठोठावलं. "येतंय," आतून आवाज आला, पण आला कोणी नाही. दुपारी तो जेवायला बाहेर आला, भात आणि मासे जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि पुन्हा आत गेला. संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय काय बघितलास गो?"

"बघतोय, आई. खूप आहे बघण्यासारखं," रचना म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही तेच. तिला राग आला. किती पाळ्यांची अदलाबदल करून मिळवलेली रजा. ती एकटीच अल बलीदला गेली. समुद्रकाठी जुन्या बंदराचं उजाड शहर. मशिदीच्या खांबांचे बुंधे ओळीत उभे होते, शेजारच्या खाडीत बगळे होते. एका फलकावर लिहिलं होतं की इथून लोबान आणि घोडे हिंदुस्थानात जात. तिने दोनदा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. ऊन होतं, पाय दुखत होते आणि शेजारी दाखवायला कोणी नव्हतं. अर्ध्या तासात ती परतली.

या वेळी तिने दार जोरात ठोठावलं. बबनने उघडलं. पलंगावरची चादर सुरकुती नसलेली, उशी मधोमध. तो झोपला नव्हता. खिडकीपाशी खुर्ची ओढून नुसता बसला होता.

"बाबा, उद्या आपण परत निघणार. तुम्हाला यायचंच नव्हतं तर सांगायचं होतं. मी कशासाठी एवढी गाडी मारत आले? माझा जीव गेला असता त्या रस्त्यावर."

बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं. बबन पलंगावर बसला आणि तिला खुर्ची दाखवली.

"रागावलंस?"

"हो."

"रागाव. पण आयक." तो शब्द जुळवत बोलत होता. "मी हंय आयलंय तेव्हा एका खोलीत बारा माणसां होती. मगे आठ झाली. आमच्या घरात लहानपणी आम्ही सात. लग्न झाला तेव्हा माजघरात मधे पडदो. बत्तीस वर्सां मी दार लावन एकटो बसलंय, असा झालाच नाय. कोणाचा घोरणा नाय, कोणाचो फोन नाय, लाईट कधी बंद करूचो ता कोणाक विचारूक नको. पयल्या रात्री माका झोपच येयना. काल लागली. आज नुसतो बसलंय. माका ह्याच बघूचा होता असा वाटता. सलालात आणि काय बघूचा रवला?"

रचनाने बापाच्या चेहऱ्याकडे नर्सच्या नजरेने पाहिलं. पेशंट असता तर तिने हा थकवा पहिल्याच भेटीत कागदावर लिहिला असता. तीन वर्षं समोर बसून जेवताना तो तिच्या नजरेत कसा आला नाही?

"बसा मग," ती म्हणाली. "मीपण झोपते."

ती आपल्या खोलीत गेली आणि चारपर्यंत झोपली. रात्रपाळी लागल्यापासून तशी झोप तिला आली नव्हती. उठून बाहेर आली तर बबन चहा करत होता. शर्ट बदललेला.

"चल," तो म्हणाला. "तू सकाळी गेलंस थंय."

अल बलीद चालत पंधरा मिनिटांवर होतं. तिथे शिरल्यावर बबनची चाल बदलली. खांबांकडे त्याने पाहिलंच नाही. एका पडक्या भिंतीपाशी वाकून तो सांध्यांवरून डोळे फिरवू लागला.

"हंयसर जुना. हंयपासून नवीन," तो बोटाने हवेत रेघ ओढत म्हणाला. "बांधणाऱ्यान दगड बरो बसवलो, पण घाई केल्यान. चुनो पुरतो मुरूक नाय. उन्हाळ्यातला काम असतला. अर्बाब, त्यांचो मालक, मागे उभो असतलो, यल्ला यल्ला, चला चला करत."

ती हसली. तोही हसला. दोघं समुद्राकडच्या एका बाकावर बसली.

"घरी जायचं म्हणून बरं वाटतंय ना, बाबा?"

"माका भय वाटता," बबन म्हणाला. त्याने समुद्रावरची नजर काढली नाही. "घर मी बांधलंय, पण लांबसून. कागदावर. थंय तुझे आवशीची सवय बसली असा. भांडा खंय ठेवूचा, कुत्र्याक किती वाजता घालूचा. महिनोभर पाव्हणो म्हणून तिणा माका सांभाळल्यान. आता रोजचो. तिका मी जड होयन."

तेवढ्यात रचनाचा मोबाईल वाजला. आईच होती. रचनाने बापाकडे पाहिलं, त्याला दिसेल असं स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन दोघांच्या मधे धरला.

"आई, खरं सांगते. आम्ही काहीच बघितलं नाही. बाबा दोन दिवस खोलीत बसून होते. दार लावून."

"बरा नाय काय तेंका?" ललिताचा आवाज घाबरला.

"बरे आहेत. त्यांना कधी स्वतःची खोलीच मिळाली नव्हती. आई, ती पडवीकडची खोली रिकामी करशील? बाबांसाठी."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"गो, एक सांगू?" ललिता हळू बोलली. "मी ह्याच कसा सांगू ता बघी होतंय. बत्तीस वर्सां मी एकटीच निजलंय. माका आता बाजूक माणूस असला की झोप येणत नाय. ते येतत तेव्हा महिनोभर मी जागीच असतंय. कोणाक बोलूची सोय नाय. लोक काय म्हणतले?"

बबनने फोन घेतला. "ललिता, मी आयकलंय."

"अगे बाई."

"रडा नको. तू तुझ्या खोलीत नीज. मी पडवीत निजतंय."

"थंय नारळ आसत."

"नारळ मी हलवतंय. सकाळचो च्या मात्र एकत्र घेवया. आणि माका कुत्र्याचा नाव सांग. दर खेपेक इसारतंय."

ललिता रडतारडता हसली आणि नाव सांगितलं. बबनने ते दोनदा म्हणून पाहिलं.

दुसऱ्या सकाळी सफूराने लोबानची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. गाडी डोंगर चढून थुमरैतच्या सपाटीवर आली तसा रस्ता पुन्हा सरळ आणि रिकामा झाला. रचनाची झोप झाली होती, पण थकवा एका दिवसात थोडाच जातो.

"बाबा, बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोला. मला जागं ठेवा."

बबनने घसा साफ केला. आपण पहिल्यांदा विमानातून सलालाला उतरलो तेव्हा पायातली चप्पल तुटली होती आणि ती हातात घेऊन आपण अर्बाबसमोर कसे उभे राहिलो, हे तो सांगू लागला. मधेच एखादा शब्द मराठीत सापडला नाही की अरबीत म्हणायचा. तिला सगळं कळत नव्हतं. ती विचारत होती, तो पुन्हा सांगत होता, आणि समोरून ट्रक येत-जात होते.