उलट्या काट्याचा रेडिओ

आत्या रेडिओ पोटाशी धरून दुकानात आली. "मुका झालाय मेला," म्हणाली. तो रेडिओ बघितला आणि दुकानवालीच्या नाकात तीस वर्षांपूर्वीचा सोल्डरिंगचा धूर शिरला.

तिला तेरावं लागलं होतं तेव्हा. शाळा सुटली की बापाच्या याच दुकानात लाकडी स्टुलावर बसायचं आणि रेडिओंची पोटं फाडायची, हा तिचा खेळ. वाढदिवसाला आत्या भरतकामाचा डबा घेऊन आली आणि खेळच मोडला.

"दादा, पोर घोडीएवढी झाली. स्क्रूड्रायव्हर शोभतो का हातात? उद्या सासूनं विचारलं काय येतं, तर काय सांगणार? ट्रान्झिस्टर?"

बाप बहिणीपुढे कायम शेपूट घालायचा. पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर कपाटात गेला, स्टूल माळ्यावर. पोरीनं टाके घातले. फुलं अशी उमलली की भुंग्यानं वाट बदलावी.

मग आत्याच्याच रेडिओची दोरी तुटली. चाकांवरून फिरून काटा सरकवणारी ती बारीक दोरी. बाप नवी आणायला बाजारात गेला. पोरीनं भरतकामाच्या डब्यातला लाल रेशमी दोरा काढला, मेणबत्तीवर घासला आणि ओवला. हे जमलं तर स्टूल परत मागायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

रेडिओ वाजला. पण दोरा मोठ्या चाकावर उलटा गुंडाळला गेला होता. बटण उजवीकडे फिरवलं की काटा डावीकडे पळायचा.

"बघ! सांगत नव्हते मी?" आत्या कडाडली.

"माझाही पहिला उलटाच पळाला होता," बाजारातून परतलेला बाप जन्मात पहिल्यांदा बहिणीला आडवा गेला. "सोडव गं, परत ओव."

"काही नको. असाच राहू दे. चार लोकांना दाखवते."

आणि दाखवलाही, वर्षानुवर्षं, आल्यागेल्या प्रत्येकाला. पण त्याच संध्याकाळी स्टूल जागेवर परत आलं होतं.

आज दुकानवालीनं मागचं झाकण उघडलं. तार सुटली होती, ती तिनं सोल्डरचा डाग देऊन जोडली. लाल दोरा विटला होता. मधेच निळ्या दोऱ्याचा तुकडा जोडलेला. गाठ इतकी नाजूक, की ती भरतकामवालीनंच मारावी.

"आत्या, हा कुणी उघडला होता?"

आत्या रस्त्याकडे बघू लागली. "कोण उघडणार? तुझे आतोबा? त्यांना लोणच्याची बरणी उघडत नव्हती."

"आणि तुला स्क्रूड्रायव्हर कुठून मिळाला?"

"सुरीचं टोक होतं की."

"मग काटा सरळ का नाही केलास?"

"सवय झाली होती गं."

दुकानवालीच्या जिभेवर तीस वर्षांच्या शिव्या आल्या होत्या. तिनं त्या गिळल्या, स्टूल पुढे सरकवलं आणि पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आत्याच्या हातात दिला. "झाकण तू लाव."

"मला मेलीला कुठं जमतंय," आत्या म्हणाली, आणि बोलता बोलता चारही स्क्रू आवळून टाकले.