परातीतलं पाप

दवाखान्याच्या जिन्याखाली एवढी गर्दी होती, की वर जायला आजाऱ्याला आधी बरं व्हावं लागलं असतं. सगळ्यांचे डोळे पितळी परातीतल्या पिवळ्या पाण्यावर लागले होते.

"हे पाणी खोटं बोलत नाही!" परातीमागून महाराज गरजले. "वर जाऊन जी पोर मूल थांबवायच्या गोळ्या घेते, तिच्या हाताने हे लाल होतं. पोटातल्या पापाचा रंग! पण घाबरू नका, शुद्धितीर्थ आहे. चार थेंब टाका, पाप साफ, पाणी पिवळं!"

पाप आणि उतारा एकाच दुकानात, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जायला नको.

शिष्य आधी बाईच्या तळहाताला अंगारा चोळायचा, मग तिचा हात परातीत. रस्त्यावरून आलेल्या बायका पिवळ्या निघत होत्या, जिना उतरून आलेल्या मुली लाल. त्यातली एक तर रडतच पळाली.

गर्दीच्या टोकाला एक सून उभी होती. तिचं गोळ्यांचं पाकीट आज संपलं होतं. ती बस चालवायला शिकत होती, आणि हातात स्टिअरिंग यायच्या आत कडेवर मूल नको, हे नवराबायकोनं मिळून ठरवलं होतं. सासूबाईंना सांगायची छाती मात्र दोघांचीही नव्हती. सासूबाई महाराजांच्या पक्क्या भक्त, आणि नेमक्या त्याच समोरून धावत आल्या. धुणं अर्ध्यावर टाकलेलं, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"तू काय करतेस गं इथे?"

"बघत होते, आई."

"बघायचंय काय? हात घाल! कळू दे लोकांना, कुठल्या घरची सून आहेस ते. थांब, आधी मीच घालते!"

शिष्य "आजी, अंगारा..." म्हणेपर्यंत दोन्ही हात परातीत गेले. पाणी लालभडक झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो, साठी उलटली माझी!" सासूबाई कडाडल्या. "मी कशाला खाऊ गोळ्या?"

"पूर्वजन्मीचं असेल..." महाराज चाचरले.

सुनेला हसू फुटलं, आणि हसता हसता एकदम आठवलं. "आई, पांढऱ्या चादरीवर हळद सांडली होती. साबण लावल्यावर डाग कसला झाला?"

"लाल." सासूबाईंनी फेसाकडे पाहिलं, मग परातीकडे. "अगं बाई, ही तर हळद!"

सुनेनं अंगाऱ्याचे डबे पुढे ओढले. एकात नुसती राख. दुसऱ्यात राखेत धुण्याचा सोडा, खास जिना उतरणाऱ्यांसाठी. तीर्थ हुंगलं, तर लिंबाचा रस. तिनं तो थोडा परातीत टाकला, पाणी निमूट पिवळं झालं. सासूबाईंनी लगेच महाराजांचं मनगट धरलं, दुसऱ्या डब्यातला अंगारा भरभरून चोळला आणि हात बुडवला. पुन्हा लाल!

"महाराज, तुम्ही कुठली गोळी घेता?"

पितळ उघडं पडलं. ते तिथेच टाकून महाराज शिष्यासह पसार झाले.

सून जिन्याशी थबकली. "आई, मला वर जायचंय. गोळ्यांसाठीच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"परातीपेक्षा तुमचीच भीती जास्त वाटायची."

सासूबाईंना ते लागलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "जा. मी इथेच थांबते."

साबण किंवा सोडा लागला की हळद लाल होते; तिला कुणाच्या पोटातलं कळत नाही. शरीराचं काही विचारायचं तर डॉक्टरांना विचारावं, आणि विचारायला निघालेल्या मुलीला वाट द्यावी. एवढं समजायला महाराज लागत नाहीत.

सासूबाई महाराजांच्याच पाटावर ऐसपैस बसल्या आणि गर्दीवर खेकसल्या, "बघताय काय? सरका! पोरींना वर जाऊ द्या!"