मोर्चाला लागणारा टेम्पो

डिझेल पुन्हा महागलं आणि वर्षभर ज्यांना चाळीचा नळ कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, ते पुढारी पर्वत पाटिया वस्तीतल्या चाळीत चकरा मारू लागले. इंधनावरचा कर स्थगित करा म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघणार होता. माणसं न्यायला त्या पुढाऱ्यांपैकी धर्मेंद्रभाईंना सुंदराबाईच्या लेकाचा, वाल्मिकचा टेम्पो हवा होता. टाकीत मात्र साड्यांचे गठ्ठे घेऊन कडोदऱ्याला एक खेप होईल एवढंच डिझेल उरलं होतं.

"स्थगित म्हणजे काय हो, भाई?" सुंदराबाईनं विचारलं.

"म्हणजे जिजी, चार महिने कर घ्यायचा नाही."

"अन् नंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

"म्हणजे सासू चार दिवस गावाला गेली म्हणायची. आली की सगळं उट्टं काढणार."

वाल्मिकची पुढाऱ्याला नाही म्हणायची छाती नव्हती. तो किल्ली द्यायला निघाला, तशी तिनं ती हिसकून कमरेला खोचली.

"तुमच्यासाठीच लढतोय ना आम्ही," धर्मेंद्रभाई कुरकुरले.

"लढा की. पण डिझेल महाग झालं हे ओरडायला आमचंच डिझेल कशाला जाळता? मोर्चाला चालत जा, भाई. आमच्या साड्यांना पाय नाहीत."