मीनल टॉकीजची पट्टी

आठ महिने नारूचा फोटो डहाणूच्या मीनल टॉकीजच्या काचेच्या पेटीत लटकत होता. तिकीटखिडकीशेजारची ती पेटी खरं तर चालू पिक्चरच्या पोस्टरासाठी होती. फोटोखाली मुकेशशेठनं ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं : ‘पोस्टरचोर. याला टॉकीजमध्ये प्रवेश नाही.’ बावीस वर्षं ज्या माणसानं त्या पेटीत पोस्टरं लावली, त्याचंच पोस्टर करून टाकलं, आणि वर शेठ म्हणतो कसा, लोकांना जरब बसायला पाहिजे.

चोरी तरी कसली? मुकेशचे वडील, म्हातारे शेठ, होते तेव्हापासूनची रीत अशी की पिक्चर उतरला की उरलेली पोस्टरं लावणाऱ्याची. नारूची बायको कल्पिता त्या कागदात सुके बोंबील बांधून बाजारात विकायची. जाड कागद, ओल धरत नाही, वासही बाहेर येत नाही. म्हातारे शेठ गेले, मुकेश वापीचा धंदा गुंडाळून गल्ल्यावर बसला, आणि एके दिवशी बाजारात त्याला एका नटीच्या चेहऱ्यात गुंडाळलेले बोंबील दिसले. झालं. नारूच्या गावी, नरपडला येऊन त्यानं घरातून पोस्टरांचा गठ्ठा ओढून काढला, गठ्ठ्याशेजारी नारूला उभं केलं आणि मोबाइलवर फोटो घेतला. नारू सांगत होता, “मोठ्या शेटनी दिलेत हे, दर वेळी देत होते.” पण मेलेला माणूस काही साक्षीला येत नाही.

पैसे गेले असते तर नारू विसरलाही असता. नाव गेलं होतं. बाजारात बायका बोंबील घेताना कल्पिताला विचारायच्या, “काय गं, हा कागुद तरी इकत घेतला का?” ती तिथं हसून साजरं करायची आणि घरी येऊन मडकी आपटायची. नारू मडक्यांचा आवाज ऐकत ओटीवर बसून राहायचा. टॉकीजवरून जायला नको म्हणून तो स्टेशनला जाताना लांबचा फेरा घ्यायला लागला होता. त्याला मुकेशला मारायचं नव्हतं. त्याला मुकेशच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, चार माणसांत : नारू चोर नाही. रोज झोपण्याआधी तो ते वाक्य मनातल्या मनात मुकेशच्या आवाजात म्हणून बघायचा.

आणि चैत्रात मुकेशशेठ आपल्या पायांनी नरपडला आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातला हा प्रकार. गाढव कोण ते नारूला चांगलंच ठाऊक होतं, पण पाय धरले जाताहेत म्हटल्यावर त्यालाही हरकत नव्हती.

अडचण मोठी होती. तळासरीच्या डोंगरात शूटिंग झालेला एक पिक्चर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या दिवसांत, शुक्रवारी, लागणार होता. पाड्यापाड्यातली माणसं त्यात गर्दीत नाचली होती. आपला चेहरा पडद्यावर बघायला अख्खा तालुका लोटणार, पण कुठे? डहाणूत मुकेशच्या मीनलला की तळासरीत प्रविणच्या वनश्री टॉकीजला? दोन्हीकडे लागत होता. ज्याची पोस्टरं भिंतींवर, त्याची गर्दी. मुकेशनं फ्लेक्स लावून बघितले होते, पण संध्याकाळी लावलेला फ्लेक्स सकाळी कुणाच्या तरी पडवीवर ताणलेला दिसायचा. पावसाआधी असा फुकटचा ताडपत्रीचा तुकडा कोण सोडतो? कागदाची पोस्टरं मुंबईच्या गोदामात होती, आणि गोदामवाला दीपक फोनवर मुकेशला म्हणाला होता, “संपली. मी फक्त नारूला ओळखतो.”

“अरे नारूभाई,” मुकेश अंगणात उभा राहून म्हणाला, “जुनं सोड ने. तू जा, पोस्टरं घेऊन ये. काय पाहिजे ते बोल.”

“आणतो,” नारू म्हणाला. “पैसे नको. पण लावायची तुमी.”

“म्हणजे?”

“बादली तुमच्या हातात, कुंचा तुमच्या हातात. मी नुसता दाखवीन कुठं लावायचं ते. आणि पेटीतला माजा फोटो काढायचा.”

मुकेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण शुक्रवार डोळ्यांसमोर होता. नाक मुठीत धरून तो हो म्हणाला. ते वाक्य मात्र नारूनं मागितलं नाही. ज्यानं न मागता चोर म्हटलं, त्यानं ते न मागताच परत घ्यायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं.

मुंबईच्या गोदामात दीपकनं नारूपुढे गठ्ठा सरकवला. “चाळीसच आहेत. तुमच्या दोन्ही टॉकीजना मिळून. वाटणी तू कर.”

नारूनं काय वाटणी केली ते त्या दिवशी फक्त कल्पिताला कळलं. छापील पोस्टरावर टॉकीजचं नाव नसतं. खाली चार बोटं कोरी जागा सोडलेली असते, आणि गावोगावचा पोस्टरवाला तिथं आपल्या टॉकीजच्या नावाची आणि वेळांची पट्टी लिहून चिकटवतो. पट्टीशिवाय पोस्टर म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. नारूनं दोन दिवस ओटीवर बसून निळ्या रंगात पट्ट्या लिहिल्या. चाळीस ‘मीनल टॉकीज, डहाणू’च्या आणि चाळीस ‘वनश्री टॉकीज, तळासरी’च्या.

“दोन दोन कशाला?” कल्पितानं विचारलं.

“मुकेश चार लोकांत बोलला की नारू चोर नाय, तर मीनलच्या लावायच्या. नाय बोलला तर वनश्रीच्या.”

“आनि त्याला हे सांगणार?”

“नाय.”

कल्पितानं आत जाऊन खळ शिजवायला मैदा काढला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मडकं हळू ठेवलं.

बुधवारी सकाळी डहाणूच्या बाजारात जो तमाशा झाला तो लोकांनी कामं टाकून पाहिला. मुकेशशेठ, पांढरा शर्ट, हातात खळीची बादली, आणि मागे हाताची घडी घालून नारू. “जरा वर. अजून वर. शेट, सुरकुती पडली, काढा. मधून कडेला दाबत जायचं, कडेतून मध्ये नाय.” खळ मुकेशच्या कोपरापर्यंत ओघळली. आशागडला त्याच्या बुटात गेली. चारोटीला त्यानं पोस्टर उलटं लावलं आणि एसटीची वाट बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नारूला ते फार आवडलं. खोटं कशाला सांगा, असा सुखाचा दिवस त्याला कित्येक वर्षांत लाभला नव्हता. तरी प्रत्येक भिंतीपाशी चार माणसं जमली की तो कान टवकारायचा. आता म्हणेल. आता तरी म्हणेल.

“पट्टी कुठाय रे?” मुकेशनं एकदा विचारलं.

“पट्टी वाळल्यावर. ओल्यावर धरत नाय. उद्या मी लावतो.” यात खोटं एक अक्षर नव्हतं.

विवळवेढ्याला देवळाच्या रस्त्यावर नारळ विकणारी हिरूबाय पुढे आली. ती दोघांनाही ओळखत होती. “शेट, तुमी सोता? माणसं नाय का?”

दुकानांपुढे दहाबारा जण उभे होते.

“माणसं आहेत,” मुकेश हसत म्हणाला, “प्रामाणिक मिळत नाहीत.”

दहाबारा जण हसले. नारूही हसला, कारण तिथं रडण्यासारखं काही करता येत नव्हतं. पण त्याच्या कानशिलांत जो जाळ उठला तो तळासरी येईपर्यंत विझला नाही.

तरीही त्यानं आणखी एक संधी दिली. माणूस वाईट नव्हता नारू. उधव्याला शेवटची दोन पोस्टरं लावून झाली, गुजरातकडून येणारे टेम्पोवाले चहाला थांबले होते, तेव्हा तो म्हणाला, “शेट, फोटो कधी काढणार?”

“काढू रे आज.” मुकेशनं हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठेपणानं म्हणाला, “तू एकदा चूक केलीस, मी तुला माफ केलं. विषय संपला.”

माफ केलं! चोर तो चोर आणि वर शिरजोर. नारूनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि शेठच्या टेम्पोत जाऊन बसला. विषय खरोखरच संपला होता.

गुरुवारी मुकेश टॉकीजमध्ये खुर्च्या पुसून घेत होता, झेंडूच्या माळा लावत होता, आणि नारू भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून उधव्यापासून उलटा निघाला होता. उधवा, तळासरी, विवळवेढे, चारोटी, आशागड, आणि अंधार पडल्यावर डहाणू. ‘वनश्री टॉकीज, तळासरी. रोज चार खेळ.’ पट्टी ठेवायची, तळहात फिरवायचा, पुढे जायचं. हिरूबायनं वाचून घेतलं आणि विचारलं, “नारू, पोष्टर त्यानं लावलं नि नाव दुसऱ्याचं?”

“त्याला सांगू नको. शुक्रवारी कळंल.”

शुक्रवारी सकाळी एकच पोस्टर राहिलं होतं, मीनल टॉकीजच्या समोरच्या भिंतीवरचं. आठ महिन्यांनी नारू त्या रस्त्यावर सरळ चालत आला. समोर काचेच्या पेटीत त्याचा फोटो तसाच होता. काढू म्हणाला होता, काढला नव्हता. बाजार भरत होता, मासळीवाल्या पाट्या उतरवत होत्या, त्यात कल्पिताही होती. नारूनं पट्टीच्या मागे खळ लावली.

टॉकीजच्या पायरीवरून मुकेशनं ते नाव वाचलं.

“ए! काय लावतोस? कुणाची पट्टी आहे ही?”

“वनश्रीची.”

“वनश्रीची? किती ठिकाणी लावलीस?”

“एकोणचाळीस. ही चाळिसावी.”

“चोर साला! बघा, मी सांगत होतो ना—” आणि मुकेश मध्येच थांबला. बारा वाजता पहिला खेळ होता. समोरून जत्रेला जाणारा एक टेम्पो माणसांनी भरून निघाला आणि त्यातलं कुणीतरी ओरडून विचारत होतं, तळासरीला किती वाजताचा खेळ? मुकेशनं ते ऐकलं. फाडावीत म्हटलं तर भिंती कोऱ्या होणार, आणि प्रविणचा फ्लेक्स तळासरीत त्याच्या टॉकीजवर झळकतच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो धावतच पेटीकडे गेला, काच सरकवली, फोटो ओढून टराटरा फाडला आणि भर बाजारात, मासळीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला :

“नारू चोर नाही! ऐका सगळे! पोस्टरं माझ्या बापानं दिली होती त्याला. मला माहीत होतं. नारू चोर नाही!”

मला माहीत होतं. एवढं मात्र नारूनं कधी स्वप्नातही ऐकलं नव्हतं. कल्पिता पाटी धरून उभी राहिली होती, आणि कागदाबद्दल विचारणाऱ्या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या. आठ महिने छातीवर बसलेला धोंडा नारूच्या छातीवरून उतरला, अगदी खरंच उतरला.

“आता ती काढ,” मुकेश जवळ येऊन हळू म्हणाला. “माझी लाव. मोटारसायकल देतो, चारोटीपर्यंतच्या तरी बदल. मी बोललो ना?”

“बोललात,” नारू म्हणाला. “बारा वाजताच्या खेळासाठी बोललात.”

त्यानं पट्टी भिंतीवर ठेवली आणि मधून कडेला, एकही सुरकुती न पडू देता, तळहातानं दाबत नेली. त्याला मुकेशची जराही कीव आली नाही. गोड वाटलं, कढईतून नुकत्याच काढलेल्या ताडगुळासारखं गोड.

मग त्यानं पिशवीतून मीनलच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला, निळ्या अक्षरांत मन लावून लिहिलेला, आणि सगळ्या बाजारासमोर मुकेशच्या हातात दिला.

“घ्या शेट, तुमच्या नावाचा माल. चाळीस आहेत. माज्याकडे तुमचं काय राहायला नको.”

आणि मुकेशशेठ, एवढी माणसं बघत असताना, अंगठ्याला थुंकी लावून गठ्ठा मोजू लागला.