दगडावरचं तिसरं नाव

शेजारची सावेता फाटकातूनच ओरडत आली, तेव्हा मी अंगणात हिवाळ्यासाठी ढोबळ्या मिरच्या भाजत होते.

"वेतुरिया, तुझी रुक्सांद्रा मरायला टेकलीय असं छापलंय बघ!"

तिच्या मोबाइलवर आमच्या कबरस्तानातला दगड होता. वर माझ्या नवऱ्याचं नाव, त्याखाली माझं, त्याखाली माझ्या मुलीचं. जन्मसाल १९७१, पुढे आडवी रेघ, मग कोरी जागा. पाच देशांच्या पेपरांत तो फोटो आला होता. मथळा एकच: रुमानियाच्या उमेदवार बाई आजार लपवताहेत का?

परवा ब्रसेल्सला खासदारांपुढे तिची सुनावणी. त्यात ती पास झाली तर युरोपच्या सरकारात मंत्री, नाहीतर घरी. तीस वर्षं राबली पोरगी, आणि मी एका दुपारी सगळं मातीत घातलं.

हो, मीच. शनिवारी एक परदेशी बातमीदारीण आली, सोबत बुखारेस्टची दुभाषी. मी त्यांना मुरंबा खाऊ घातला आणि कौतुकाने नवऱ्याची कबर दाखवायला नेलं. आमच्याकडे निम्म्या दगडांवर जिवंत माणसांची नावं असतात. सावेता तर दर रविवारी स्वतःच्याच दगडावरच्या फोटोची धूळ पुसून येते. रुक्सांद्राला ना नवरा ना मूल. तिकडे तिचं कोण करणार, म्हणून गेल्या ऑक्टोबरात तिचंही नाव कोरून घेतलं. एवढं साधं आहे, पण त्या बयेने तोंड उघडून विचारायला हवं होतं ना!

चार वेळा फोन लावला. रुक्सांद्राने उचलला नाही. इकडे मिरच्यांचा कोळसा झाला. शेवटी तिचाच आला.

"आई."

"चुकलं गं माझं. त्या लोकांना परत बोलावते. ही आमची रीत आहे म्हणून सांगते, पाद्रीबाबांना साक्षीला उभं करते. धादांत खोटं छापलंय मेल्यांनी!"

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"रागव हवं तर, पण बोल."

"माझं नाव कधी कोरलंस?"

"ऑक्टोबरात."

"मला त्यानंतर मार्चमध्ये कळलं," ती म्हणाली. "उपचार चालू आहेत. दोन वर्षं तरी काम करता येईल म्हणतात डॉक्टर. मला ती दोन वर्षं हवीत, आई. तू रीत आहे एवढंच सांग. खरंच आहे ना ते?"

नवरा गेला तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. "सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय गं, रागावली?" सावेताने विचारलं.

"नाही."

दुपारी कॅमेरेवाल्यांच्या तीन गाड्या आल्या. मी त्यांना कबरस्तानात नेलं, शेजारपाजारचे दगड दाखवले, सावेताला तिच्या फोटोपुढे उभं केलं. सगळे हसले. मग त्यांनी मला आमच्या दगडाशी उभं राहून हसायला सांगितलं.

मी हसले.

"आजी, थोडं बाजूला व्हा," त्यांची दुभाषी म्हणाली, "तुमच्या मुलीचं नाव झाकलं जातंय."

मी पाठ दगडाला आणखी टेकवली आणि तिथून हलले नाही.